फोर्ट कोचीच्या हेरिटेज हॉटेलात राहायचं आणि आयुर्वेद स्पाही घ्यायचा : बुकिंगपासून चेकआउटपर्यंत, क्रमाने

फोर्ट कोचीहून परत आलेल्या मंडळींच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. रूम सुंदर होती पण अंधारी होती, आईला दोन जिने चढवावे लागले, वायफाय लागतच नव्हतं, स्पाची अपॉइंटमेंट मिळाली ती थेट चेकआउटच्या दिवशी आणि मग डोक्याला तेल तसंच घेऊन एअरपोर्ट गाठला. यातलं बहुतेक हॉटेलवाल्यांनी लपवलेलं नसतं, आपण विचारलेलंच नसतं. आपली सवय अशी की आधी फ्लाइट, मग बघायच्या ठिकाणांची यादी, मग फोटो बघून हॉटेल, आणि स्पा जमला तर जमला. इथे उलटं करायचं. स्पाचं आधी ठरवा, त्यावरून हॉटेल, मग त्या हॉटेलातली नेमकी रूम, आणि फिरणं सगळ्यात शेवटी उरलेल्या वेळात बसवा. फोर्ट कोची चालत फिरून होण्याएवढंच आहे, ते कुठे पळून जात नाहीये.

खाली जे दिलंय ते मुंबई-पुण्याकडून तीन रात्रींसाठी जाणाऱ्यांना धरून. दोनच रात्री असतील तर एक थेरपी कमी करा, पण क्रम बदलू नका.

## टप्पा १ : आधी ठरवा, मालिश हवंय की उपचार

हा टप्पा सगळे उडवतात आणि मग सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. हॉटेलच्या मेनूवर अभ्यंग, शिरोधारा, पिझिचिल, ञवरकिझी, एलकिझी, उद्वर्तन अशी नावं एका खाली एक असतात आणि आपण हॉटेलातल्या जेवणासारखं "हे एक, ते एक" करून ऑर्डर देतो. तसं चालत नाही. थोडक्यात काय काय असतं ते सांगते.

अभ्यंग म्हणजे सगळ्या अंगाला कोमट तेलाचं मालिश, साधारण तासाभराचं. पहिल्यांदा जाणाऱ्याने यापासूनच सुरुवात करावी. शिरोधारा म्हणजे कपाळावर तेलाची सतत धार, पाऊण तास वगैरे, त्यात केस पूर्ण तेलात भिजतात हे गृहीत धरा. एलकिझी म्हणजे औषधी पाल्याच्या गरम पुरचुंडीने शेक, खांदे-पाठ आखडलेल्यांना बरी वाटते. ञवरकिझीत त्याच नावाच्या केरळी तांदळाचा दुधात आणि काढ्यात शिजवलेला भात पुरचुंडीत बांधून चोळतात. उद्वर्तन म्हणजे कोरड्या चूर्णाने उलट्या दिशेने घासणं, नाजूक त्वचेच्या लोकांनी पहिल्याच खेपेला याच्या वाटेला जाऊ नये. पिझिचिलमध्ये दोन थेरपिस्ट लागतात आणि गरम तेल अक्षरशः अंगावर पिळत राहतात, तो प्रकार एकदाच करून बघण्याचा नाही.

आणि पंचकर्म. तीन दिवसांत पंचकर्म होत नाही, कोणी पॅकेजचं नाव तसं ठेवलं असलं तरी होत नाही. त्याला दोन-तीन आठवडे, पथ्य आणि रोजची वैद्याची देखरेख लागते. खरंच गुडघ्यासाठी, पाठीसाठी, सोरायसिससाठी जायचं असेल तर हेरिटेज हॉटेल ही जागाच नव्हे, आयुर्वेद हॉस्पिटल शोधा. हॉटेलात जे मिळतं ते आराम म्हणून उत्तम आहे, तेवढ्याच अपेक्षेने जा.

माझं मत विचाराल तर तीन रात्रींत दोन अभ्यंग आणि जमलं तर एक शिरोधारा. त्याहून जास्त घेतलं तर सुट्टीभर तुम्ही तेलकटच फिरणार.

सावधान : गरोदर असाल, ताप असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, बीपी आटोक्यात नसेल किंवा पायात रक्ताच्या गाठीचा इतिहास असेल तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, मगच बुकिंग. पाळीच्या दिवसांतही बहुतेक ठिकाणी करत नाहीत, तारखा त्या हिशोबाने बघा.

## टप्पा २ : तारखा

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली पण दरही तसेच. त्यात दर दोन वर्षांनी डिसेंबरपासून पुढे काही महिने कोची-मुझिरिस बिएनाले (समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन) असतं, तेव्हा चांगल्या रूम आधीच गेलेल्या असतात. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कोचीन कार्निव्हल, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री पप्पाञी नावाचा मोठा पुतळा जाळतात, त्या रात्री फोर्ट कोचीत माणूस मावत नाही आणि गाड्या आत सोडत नाहीत. ज्यांना शांत स्पा हवाय त्यांनी त्या आठवड्यात जाऊच नये. शिवाय २४ आणि ३१ डिसेंबरला बरीच हॉटेलं गाला डिनर सक्तीचं करतात आणि ते बिलात वेगळं लागतं.

आयुर्वेदवाले स्वतः विचाराल तर पावसाळा सांगतात. मल्याळी कर्किडकम महिना, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, उपचारांचा मुख्य काळ मानतात. दर कमी, गर्दी कमी, रूममधून पाऊस बघायचा. फक्त तेव्हा फिरणं फारसं होणार नाही हे मनाशी मान्य करून जा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस संपला असं समजू नका, तिकडे परतीचा पाऊस दुपारनंतर जोरदार येतो.

आठवड्याचे वारही बघा. जवळच्या मट्टनचेरी भागातला डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो, तिथलंच सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद. शुक्र-शनि-रवि असा नेहमीचा वीकेंड टाकलात की दोन्ही बघायला एकच रविवार उरतो आणि तो नेमका स्पाशी भांडतो. रविवार ते बुधवार सगळ्यात सोयीचं, दरही उतरलेले असतात.

आणखी एक, केरळात महिन्याच्या १ तारखेला ड्राय डे असतो. ज्यांना फरक पडतो त्यांनी बघून घ्या. तसंही बऱ्याच लहान हेरिटेज हॉटेलांत बार नसतोच.

## टप्पा ३ : हॉटेल निवडताना "हेरिटेज" म्हणजे काय ते बघा

पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेल म्हणजे १९५० च्या आधी बांधलेला वाडा, बंगला, किल्ला वगैरे, त्यात किमान अर्धं क्षेत्रफळ तरी जुनं पाहिजे. बेसिक, क्लासिक आणि ग्रँड अशा पायऱ्या आहेत. पण बुकिंगच्या साइटवर "हेरिटेज" हा शब्द कोणीही लावतं, दोन जुने खांब आणि एक झोपाळा एवढ्यावरही.

फोर्ट कोचीत तीन प्रकार दिसतात. एक, खरोखर जुना बंगला किंवा व्यापाऱ्याचं घर ज्याचं हॉटेल झालंय, जसं परेड ग्राउंडसमोरचं मलबार हाऊस किंवा टॉवर रोडवरचं लालभडक कोडर हाऊस. दोन, जुन्या जागेवर जुन्या पद्धतीने नव्याने बांधलेलं, जसं जेटीजवळचं ब्रंटन बोटयार्ड, तिथे पूर्वी बोटी बांधायचा कारखाना होता. तीन, समोर जुना बंगला आणि मागे अंगणात नवीन विंग. यात कुठलाच प्रकार वाईट नाही, पण त्रास वेगवेगळे आहेत. पहिल्यात लिफ्ट नसणार, रूम एकसारख्या नसणार. दुसऱ्यात सोयी व्यवस्थित, दर चढे. तिसऱ्यात फोटो समोरच्या बंगल्याचे आणि तुम्हाला रूम मागची, हे सर्रास होतं.

जुन्या भिंती जाड जांभ्याच्या, वर सागवानी तुळया आणि मंगलोरी कौलं. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको, आत गारवा असतो पण पावसाळ्यात दमट वासही असतो, आणि जाड भिंतीतून वायफाय जात नाही. ऑफिसचा कॉल घ्यायचाच असेल तर तसं आधी सांगून रूम मागा.

## टप्पा ४ : बुकिंगआधी फोन करा, आणि हे विचारा

सगळ्या लेखात एकच टप्पा नीट करायचा असेल तर हा करा. वेबसाइटवरून पैसे भरायच्या आधी हॉटेलला थेट फोन, शक्यतो दुपारी, सकाळी चेकआउटची गर्दी असते. आधी स्पाचे प्रश्न, मग रूमचे.

स्पाबद्दल :

- केंद्र हॉटेलच्याच आवारात आहे की दुसऱ्या इमारतीत? (तेलकट डोक्याने रस्ता ओलांडायचाय का, हा खरा प्रश्न.)
- वैद्य रोज असतात की बोलावल्यावर येतात? पहिल्या भेटीचे वेगळे पैसे आहेत का?
- पुरुष आणि बाई, दोन्ही थेरपिस्ट आमच्या तारखांना आहेत ना? केरळात पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई हा नियम पाळतात. एकच बाई थेरपिस्ट असेल आणि ती सुट्टीवर गेली की तुमची अपॉइंटमेंट गेली.
- थेरपी रूम किती? दोघांना एकाच वेळी घ्यायचं असेल तर दोन रूम आणि दोघं थेरपिस्ट मोकळे लागतात. नवरा-बायको एकाच खोलीत, असं पारंपरिक केंद्रात सहसा मिळत नाही.
- तेल कुठलं वापरता? तिळाची किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आत्ताच सांगा.
- केरळ टुरिझमचं आयुर्वेद केंद्रांसाठीचं काही मानांकन आहे का? नसलं म्हणजे वाईट असं नाही, पण उत्तर कसं देतात त्यावरून कळतं.

रूमबद्दल :

- आमची रूम जुन्या इमारतीत की नव्या विंगमध्ये? नंबर किंवा नाव सांगा.
- कितवा मजला, पायऱ्या किती, जिना लाकडी आहे का? सत्तरीच्या माणसाला चढेल का, असं सरळ विचारा, "सीनियर फ्रेंडली आहे का" विचारलंत तर सगळेच हो म्हणतात.
- खिडकी बाहेर उघडते की अंगणाकडे? अंगणाकडच्या तळमजल्याच्या रूमला पडदा ओढूनच बसावं लागतं कारण समोरून ब्रेकफास्टला जाणारे लोक.
- वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंग असेल तर खालच्या रूममध्ये आवाज येतो का?
- पलंग किती उंच? ऐकायला गंमत वाटेल, पण ते जुने चार खांबांचे पलंग इतके उंच असतात की शेजारी लाकडी पायरी ठेवलेली असते, आणि रात्री अंधारात उतरताना म्हातारं माणूस तिथेच पडतं.

फोनवर मिळालेली उत्तरं ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून. त्यांनी ओके केलं की मग पैसे.

तपासा : स्पाचे दिवस आणि वेळ लेखी कन्फर्म झाले का? झाले नसतील तर रूम बुक करू नका, पुढचं हॉटेल बघा.

## टप्पा ५ : पैसे आणि टॅक्स

सप्टेंबर २०२५ पासून रूमचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. याचा हिशोब करून बघा. ७,४०० ची रूम टॅक्ससकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाला जवळजवळ बाराशे. त्यामुळे दर सीमेच्या आसपास असेल तर ब्रेकफास्ट वगळून फक्त रूमचा दर विचारा, बऱ्याचदा तो सीमेच्या खाली येतो.

स्पा पॅकेज रूमसोबत घ्यायचं की वेगळं? वेगळं. पॅकेजमध्ये "रोज ३० मिनिटं" असलं काहीतरी घातलेलं असतं आणि अर्ध्या तासात अभ्यंग होत नाही, नुसते खांदे चोळून सोडतात. वेगळं घेतलं की थेरपी बदलता येते, रद्द करता येते. रद्द केलं तर किती पैसे परत, किती तास आधी सांगायचं, हे रूमचं वेगळं आणि स्पाचं वेगळं विचारून घ्या.

## टप्पा ६ : बॅग भरताना

नेहमीच्या सामानाशिवाय एवढंच :

जुने सैल सुती कपडे दोन जोड, गडद रंगाचे, थेरपीनंतर रूमपर्यंत यायला. तेलाचे डाग निघत नाहीत. डोक्याला बांधायला एक जुना पंचा, कारण हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र उशीला तेल लागलं तर काही ठिकाणी धुलाईचे पैसे लावतात. स्वतःचा शाम्पू किंवा शिकेकाई. रबरी तळाच्या चपला, तेलकट पायाने गुळगुळीत फरशीवर साध्या चपला घसरतात. डास पळवायचं मलम. चालू औषधांची यादी आणि शेवटचा बीपी-शुगर रिपोर्ट, मोबाइलमध्ये फोटो असला तरी चालेल.

सोनं घरी ठेवा. थेरपीच्या वेळी मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या सगळं काढावं लागतं आणि मग ते कुठे ठेवू याची काळजी तासभर डोक्यात फिरत राहते.

सगळ्या मोठ्या माणसांची ओरिजिनल ओळखपत्रं. अमेरिकेतली मुलगी-जावई सोबत येत असतील तर त्यांचा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड दोन्ही, हॉटेलला परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवावी लागते.

सावधान : जायच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग, जोरात दाढी, नवीन हेअर कलर नको. ताज्या वॅक्सवर गरम तेल झोंबतं आणि शिरोधारेत कलर उतरतो.

## टप्पा ७ : पोहोचणं

कोचीचा एअरपोर्ट नेडुंबश्शेरीला आहे, फोर्ट कोचीपासून चाळीसेक किलोमीटर, ट्रॅफिक धरून दीड ते दोन तास. प्रीपेड टॅक्सी घ्या आणि हॉटेलचं नाव नको, रस्त्याचं नाव सांगा, कारण सारख्या नावाचे होमस्टे ढीगभर आहेत.

ट्रेनने जाणाऱ्यांनी एवढं बघा की कोची शहराच्या एर्नाकुलम भागात एर्नाकुलम जंक्शन (साउथ) आणि एर्नाकुलम टाउन (नॉर्थ) ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, काही गाड्या एकावरच थांबतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, पहिल्या दिवसाची स्पा वेळ त्या भरवशावर ठेवू नका.

सामान कमी असेल तर एर्नाकुलमहून पाण्यातून जा. हायकोर्ट जेटीवरून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रो आहे, एसी बोट, व्हीलचेअरही सहज चढते, आणि जुनी सरकारी फेरी तर अगदी किरकोळ पैशात. मोठ्या बॅगा असतील तर हा हौशीचा प्रकार उलट्या दिशेने, नुसतं फिरायला म्हणून करा.

दुपारी दोनच्या सुमाराला पोहोचाल असं बघा. रात्री उशिरा पोहोचलात तर रूम बदलून मागता येत नाही.

## टप्पा ८ : चेक-इनचा पहिला तास

बॅगा उघडायच्या आधी रूम तपासा. गीझर चालू करून पाणी येतंय का, एसी थेंब थेंब गळतोय का, मच्छरदाणीला भोकं, बाथरूमच्या खिडकीची जाळी, दाराची कडी (जुनी लाकडी दारं पावसाळ्यात फुगतात आणि कड्या अडकतात), तिजोरी. मोबाइलला रेंज आहे का ते पलंगावर बसून बघा, दारात उभं राहून नाही. काही खटकलं तर याच तासात रूम बदलून मागायची, एकदा कपडे कपाटात लागले की आपणच "जाऊदे" म्हणतो.

मग लगेच स्पाच्या काउंटरला जा आणि तुमच्या वेळा त्यांच्या वहीत लिहिलेल्या आहेत ना ते डोळ्याने बघा. रिसेप्शनने कन्फर्म केलेलं स्पाला कळलेलंच नसतं, हे फार वेळा होतं. आणि वैद्यांची भेट याच संध्याकाळची घ्या.

किचनलाही आत्ताच सांगा. शाकाहारी आहोत, अंडं चालतं की नाही, खोबरेल तेलातलं जेवण चालतं की नाही. केरळात "व्हेज" म्हटलं की अडचण नसते पण रात्री आठला जैन जेवण मागितलं तर शेफही काय करणार.

तपासा : रूम पसंत, स्पाच्या वेळा वहीत, वैद्यांची वेळ ठरली. तिन्ही झालं की चहा मागवा.

## टप्पा ९ : वैद्यांची भेट आणि थेरपीचा दिवस

भेट पंधरा-वीस मिनिटांची. नाडी, झोप, पोट, आधीचे आजार, चालू गोळ्या असं विचारतात. आपल्या लोकांची खोड अशी की "काही नाही हो, सगळं ठीक आहे" म्हणून उठायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, स्लिप डिस्क असेल, शुगरमुळे पायाला बधिरपणा असेल (मग गरम शेक कळत नाही आणि भाजू शकतं), तर हे सांगितलंच पाहिजे. वैद्यांनी तुम्ही ठरवलेली थेरपी बदलली तर वाद घालू नका. आणि मागवली नसताना तीन जास्तीच्या थेरप्या आणि औषधांची पिशवी गळ्यात मारत असतील तर मात्र "विचार करून सांगते" म्हणून निघा.

वेळ कुठली घ्यावी? सकाळी साडेसात-आठ, ब्रेकफास्टच्या आधी, नुसता चहा आणि फार तर एक केळं खाऊन. ब्रेकफास्टला अप्पम-स्ट्यू, पुट्टू-कडला समोर दिसत असतं, पण ते खाऊन तेलाखाली झोपलात तर मळमळणार. सकाळ नाही मिळाली तर दुपारी चार, जेवण हलकं आणि अडीच-तीन तास आधी झालेलं. आदल्या रात्री दारू नको, आणि त्या दिवशी पोहण्याच्या तलावातही नको.

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी जा, वॉशरूमला जाऊन या, लेन्स काढा, मोबाइल रूमवर ठेवा.

आत काय होतं ते आधी माहीत असलं की लाज वाटत नाही. कपडे काढून कमरेला एक लंगोटासारखी पट्टी बांधायला देतात, बायकांनाही. नको वाटत असेल तर आपली जुनी अंतर्वस्त्रं ठेवायची का ते विचारा, चालतं. आधी स्टुलावर बसवून डोक्याला आणि खांद्यांना तेल, मग लाकडी द्रोणीवर झोपवतात. द्रोणी म्हणजे जाड लाकडाचा लांब पाट, कडेने तेल वाहून जायला खाच. दिवाळीच्या पहाटे आजी लावायची त्या अभ्यंगापेक्षा हे बरंच जोरकस असतं, दोन थेरपिस्ट असतील तर दोन्ही बाजूंनी एका लयीत हात फिरतात. मधे कूस बदलायला सांगतात आणि तिथेच लोक घसरतात, कारण पाट तेलाने न्हालेला असतो. घाई करायची नाही, थेरपिस्टचा हात धरायचा, सावकाश वळायचं.

तेल जास्त गरम वाटलं, दाब जास्त झाला, गुडघ्याला नको असेल, तर लगेच बोला. गप्प राहून सहन करण्यात काही शहाणपणा नाही. "चूडु" म्हणजे गरम, "मदि" म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द पुरतात.

नंतर बहुतेक ठिकाणी वाफेच्या लाकडी पेटीत बसवतात, डोकं बाहेर. बीपीवाल्यांनी पाच मिनिटांत उठावं किंवा घेऊच नये. मग मुगाच्या पिठाने तेल काढतात, आणि न्हाऊन झालं की टाळूवर चिमूटभर रास्नादी चूर्ण चोळतात, सर्दी होऊ नये म्हणून. ते विसरले तर मागून घ्या.

सावधान : थेरपी तुमच्याच लिंगाच्या व्यक्तीने करावी, दार बंद पण तुम्हाला केव्हाही थांबवता यावं. काहीही विचित्र वाटलं तर उठून बाहेर या आणि मॅनेजरला तिथेच सांगा. परतीच्या ट्रेनमध्ये मनात कुढत बसू नका.

## टप्पा १० : थेरपीनंतरचे तीन तास

इथे सगळं वाया घालवतात लोक. तेल धुतलं रे धुतलं की एसी अठरावर, नाहीतर उन्हात किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी बघायला. अर्धा-पाऊण तास नुसतं पडा, पंख्याखाली, एसी असलाच तर सव्वीस-सत्तावीसवर. कोमट पाणी प्या. खायला कंजी, म्हणजे पेज, आणि सोबत मुगाची उसळ, हॉटेलला आदल्या दिवशी सांगितलं तर आनंदाने करून देतात आणि ते त्यांच्या बुफेपेक्षा चांगलं लागतं असं माझं मत.

शिरोधारा असेल तर त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका. डोकं जड, झोप येते, गाडी चालवायची नाही, सायकलही नाही.

## टप्पा ११ : उरलेल्या वेळात फिरणं

यावर फार लिहीत नाही. चिनी जाळी पहाटे किंवा संध्याकाळी, सेंट फ्रान्सिस चर्च आणि सांताक्रूझ बॅसिलिका चालत, मट्टनचेरी रिक्षाने एखादी अर्धी सकाळ. सिनेगॉगला आखूड कपडे चालत नाहीत. कथकली बघायची तर तासभर आधी जा, मेकअप करताना बघायला मिळतो आणि तोच निम्मा खेळ आहे.

रिक्षावाला "फक्त एक दुकान, पाच मिनिटं, खरेदी नाही केली तरी चालेल" म्हणाला की समजायचं की त्याला दुकानाकडून कमिशन आहे. भाडं ठरवतानाच "दुकान नको" सांगा, भाडं थोडं जास्त पडलं तरी परवडतं.

थेरपी सकाळी असेल तर फिरणं संध्याकाळी, थेरपी संध्याकाळी असेल तर फिरणं सकाळी. दोन्ही एकाच वेळेत कोंबायचं नाही.

## टप्पा १२ : बिल आणि चेकआउट

शेवटची थेरपी निघायच्या आदल्या दिवशी संपलेली पाहिजे. चेकआउटच्या सकाळी अभ्यंग घेणं म्हणजे धावपळ, ओले केस आणि विमानातला एसी.

बिल आदल्या रात्री मागा. बघायचं काय : रूमचा जीएसटी बरोबर टक्क्याने लावलाय का, न घेतलेली थेरपी लावली नाही ना, वैद्यांच्या भेटीचे पैसे आधी "फ्री" म्हणाले होते ते आता आलेत का, आणि सर्व्हिस चार्ज. तो सक्तीचा नाही, नको असेल तर काढायला सांगता येतो. त्याऐवजी थेरपिस्टच्या हातात थेट टिप द्या, बिलातून दिलेली तिच्यापर्यंत पोहोचेलच असं नसतं.

वैद्यांनी तेल लिहून दिलं तर हॉटेलातून घ्यायची घाई नको. धन्वंतरम, क्षीरबला ही नेहमीची तेलं बाहेर कुठल्याही आयुर्वेद दुकानात मिळतात, हॉटेलपेक्षा स्वस्त. बाटली प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सिक्युरिटीवाले काढून ठेवतात. सुकं खोबरं घेतलं असेल तर ते विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तेलकट असल्याने पेट घेतं म्हणून बंदी आहे, त्यामुळे विमानाने परतणार असाल तर ते घेऊच नका.